दादरचं कौतुक पुरे, आधी दादरपर्यंत जायची सोय सांगा

गंगाखेडचा गडी
परवा 'मुक्काम मुंबई' यांनी दादर स्टेशनवर भलं मोठं लिहिलं. १८६७ ला पश्चिमेकडून गाडी आली, आता चौदा प्लॅटफॉर्म, पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे, एक लोकल गेली की दुसरी हजर, बाहेर फुलबाजार, चालत गेलं की चौपाटी. इथपर्यंत गोड वाटलं. शेवटी मात्र ठोकून दिलं की "मराठवाड्यात असं स्टेशन झालं नाही, कारण आपल्याला मागायची सवयच नाही." दोन दिवस गप बसलो. आता ऐका.

साहेब, दादर कोणी मागून घेतलेलं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हा दादरच्या कोणत्या कोळ्यानं अर्ज केला होता? इंग्रजाला आतल्या मुलखातला कापूस बंदरावर न्यायचा होता म्हणून रूळ पडले. पुढं परळ-लालबागला गिरण्या आल्या, माणूस वाढला. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं दादर-माटुंग्याला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशी आखीव वस्ती बसवली. १९२५ ला हार्बरवर, १९२८ ला पश्चिमेला विजेची लोकल धावली. सरकार, पैसा, बंदर, सगळं एका जागी होतं.

त्या वेळी आपण निजामाच्या राज्यात. मनमाड–सिकंदराबाद लाईन १९०० च्या आसपास झाली, तीही अरुंद रुळांची, मीटरगेज. मुंबईची गाडी रुंद रुळांची, ब्रॉडगेज. म्हणजे मनमाडला उतरा, बोचकी डोक्यावर घ्या, लेकरं मोजा आणि पलीकडच्या गाडीत जागा धरा. आपल्या दोन पिढ्यांनी मनमाडच्या फलाटावर रात्री काढल्या, ते हौसेनं नव्हे.

आणि दादर मलाही माहीत आहे. आईला टाटा हॉस्पिटलात दाखवायला नेतो. परभणीहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादर. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत तिथं पश्चिम रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म वेगळा आन् मध्य रेल्वेचा वेगळा. भाचा म्हणाला एक नंबरला थांबा. आम्ही इकडच्या एक नंबरला, तो तिकडच्या. आईला उभं राहवत नव्हतं. ही गंमत लेखात नाही आली तुमच्या.

मुक्काम मुंबई
वा! कापूस दोषी, निजाम दोषी, इंग्रज दोषी. आपण तेवढे धुतल्या तांदळाचे. निजाम १७ सप्टेंबर १९४८ ला गेला हो. त्याला किती काळ लोटला? कोकणात तर डोंगर फोडायचे होते. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस मागे लागले आणि १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. आपल्याकडं सपाट रान असून मनमाडपासून रुळांचं दुहेरीकरण अजून रखडतंय. याला मागायची सवय नसणं नाही तर काय म्हणायचं? आणि प्लॅटफॉर्मचे नंबर आता सलग आहेत, पश्चिमेला १ ते ७, मध्यला ८ ते १४. लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच बदलले ना?

गंगाखेडचा गडी
फर्नांडिस स्वतः रेल्वेमंत्री होते. मंत्र्याला मागावं लागत नाही, सही करावी लागते. आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या गोविंदभाई श्रॉफांचं नाव ऐकलंय का? ब्रॉडगेजसाठी त्यांनी काय कमी केलं? १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन काय फुगड्या खेळायला होतं? ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात आली. मागायची सवय आमच्या हाडात आहे, मिळायची नाही.

मनमाड जंक्शन
दोघंही मुद्दा सोडून बोलायलात. खरी मेख वेगळी आहे. दादरच्या दोन्ही रेल्वेची मुख्यालयं मुंबईतच. फलाटाचा नंबर बदलायचा तर दोन साहेब एका चहावर ठरवतात. आपला नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, साहेब सिकंदराबादला. परतूरच्या माणसाचा अर्ज तेलंगणात जातो. विभाग मध्य रेल्वेला जोडा म्हणून घसा कोरडा झाला.

जाता जाता, मूळ लेखात "दोन्ही रेल्वेच्या लोकल मिळणारं एकमेव स्टेशन" असं आहे ते चूक. हार्बरच्या गाड्या मध्य रेल्वेच्या, त्या वांद्रे, अंधेरी करत गोरेगावपर्यंत जातात.

बार्शी लाईट
मध्य रेल्वेत गेलं की सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी लातूरला या. आम्ही मध्य रेल्वेतच आहोत. २०१७ ला आमची मुंबई एक्सप्रेस बीदरपर्यंत वाढवली. बीदरहून भरूनच यायची, लातूरकर दारात लोंबकळत. आंदोलनं केली तेव्हा कुठं काही दिवस आमचे, काही दिवस त्यांचे असं झालं. सासू-सुनेची वाटणी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तर देशभर फोटो छापले. पाण्याला गाडी मिळते, माणसाला मागून मिळत नाही.

जालना अपडाउन
लातूरचं तरी पेपरात आलं. जालन्याहून २०२३ ला वंदे भारत सुरू झाली, २०२५ ला ती नांदेडला नेली. आमचा जागांचा कोटा गेला.

आणि दादरचे गोडवे गाताना ५ डिसेंबरची रात्र पण लिहा. माझं आरक्षण होतं, साहेबांकडं कामाला बोलावलं होतं, आणि माझ्या बर्थवर पाच माणसं. टीसी फिरकला नाही. कौतुक कसलं करायलेत?

नागसेनवन
आलं का शेवटी पोटातलं ओठावर.

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला. तेव्हापासून मराठवाडा दादरला उतरतो. लेखात चौपाटी आहे, फुलबाजार आहे, चैत्यभूमीचा शब्द नाही. हिंदू कॉलनी वरच्या दादांना आठवली, तिथलं बाबासाहेबांचं घर, राजगृह, नाही आठवलं. आमच्यासाठी दादर म्हणजे लोकल नव्हे. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया मुंबईत दुसरं काही बघत नाहीत. दादरला उतरतात, रांगेत उभ्या राहतात, शिवाजी पार्कात पुस्तकं घेतात आणि परत गाडीत बसतात. पिशवीत भाकरी आणि पुस्तकं, बास.

पंढरपूरच्या गाडीत दारात बसलेला 'भाविक' असतो. आम्ही बसलो की 'गर्दी'.

जालना अपडाउन
मी जातीवर एक शब्द बोललो नाही. उगा तोंडात घालू नका. आषाढीलाही माझी सीट कोणी घेतली तर मी असाच बोलेन. आरक्षणाचे पैसे भरलेत मी.

नागसेनवन
माझ्या आईनंही तिकीट काढलेलं असतं. जनरलचं. जनरलचे डबे मोजून बघा किती असतात आणि फलाटावर माणसं किती असतात. मग ती बाई कुठं चढणार? टपावर? आषाढी तरी तिथीनं मागंपुढं होते. ६ डिसेंबर दरवर्षी ६ डिसेंबरलाच येतो हो! रेल्वेला कॅलेंडर द्यायचं का कोणी भेट? विशेष गाड्या सोडतात, पण मराठवाड्याच्या वाट्याला किती येतात ते विचारा. तुमचं भांडण माझ्या आईशी नाही, गाड्या लावणाऱ्याशी पाहिजे. पण आई समोर दिसते, आणि तो एसी केबिनमध्ये असतो.

बार्शी लाईट
हे मात्र खरं बोललात.

मुक्काम मुंबई
चैत्यभूमीचा उल्लेख राहिला तो शब्दमर्यादेमुळं. मुद्दाम नाही.

नागसेनवन
शब्दमर्यादेत वडापाव बसला की.

बालाघाट
भांडा भांडा. मी बीडचा. आमची नगर–बीड–परळी लाईन २६१ किलोमीटरची. मी शाळेत असल्यापासून "मंजूर झाली" ऐकतोय, आता माझी पोरगी कॉलेजात आहे. २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली, बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला. गाव सारं फोटो काढायला स्टेशनवर. तुमचं चालू द्या, कोटा, बर्थ, नंबर. आम्हाला अजून तुमच्यासारखं भांडायची गाडी मिळायचीय.

जालना अपडाउन
बीडवाल्याचं बरोबर. आणि जादा गाड्या पाहिजेत, जनरलचे डबे वाढवले पाहिजेत, हे मान्य. पण माझा बर्थ मी सोडणार नाही, हेही लिहून ठेवा.

नागसेनवन
बर्थ मागितलाय कोणी? पाय जवळ घ्या, आई खाली चादर टाकून बसेल. पाच डिसेंबरला भेटूच.

मुक्काम मुंबई
बरं बाबांनो. "मागायची सवय नाही" हे वाक्य काढतो, तिथं "मागून मिळत नाही" टाकतो. चैत्यभूमीवर वेगळा परिच्छेद लिहितो. 'एकमेव' पण काढतो, नाहीतर मनमाडवाले झोपू देणार नाहीत. पण खासदार निवडून देताना रेल्वेवर एक प्रश्न तरी विचारता का, याचं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.

गंगाखेडचा गडी
विचारतो ना. ते म्हणतात सिकंदराबादला पत्र दिलंय.