दिवाळीनंतर भीमाशंकरला पायी जायचंय, शेकरू दिसेल का?

सायली_पुणे: भाऊबीज झाली की दोन दिवस भीमाशंकरच्या जंगलात चालायचा बेत आहे. सोबत बाबा (६८, गुडघे कुरकुरतात, पण रोज चार किलोमीटर चालतात) आणि नऊ वर्षांची लेक. शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे शाळेत शिकल्यापासून तिने धोशा लावलाय. मागे श्रावणात गाडीने देवळापर्यंत गेलो होतो. धुकं आणि रांग, जंगल दिसलंच नाही. खांडसकडून शिडी घाटाने यावं का?

रानवाट: ताई, शिडी घाट नको. शिड्या आणि कातळ आहेत, बाबांना आणि लेकीला घेऊन तर मुळीच नको. भोरगिरीहून चढा. कोटेश्वराच्या देवळापासून सहा-सात किलोमीटर, वाट बहुतेक झाडीतून. गुप्त भीमाशंकरवरून वर पोचता. दुखऱ्या गुडघ्यांना चढ परवडतो, उतार नाही. म्हणून खालून वर चाला आणि परत एसटीने या. भोरगिरीची एसटी कमी आहे, वेळा राजगुरुनगर स्टँडवर आदल्या दिवशी विचारून घ्या.

आता शेकरूचं. पहिल्या दोन खेपांना मी अकरा वाजता जंगलात शिरलो आणि हात हलवत परतलो. भर दुपारी तो फांदीवर पसरून पडलेला असतो, आपण खालून चालत निघून जातो. तिसऱ्यांदा साडेसहाला निघालो. थंडी मरणाची होती. एका जांभळीखाली सालींचे तुकडे टपटप पडताना ऐकले, तिथेच बसलो. वीसेक मिनिटांनी तांबूस पाठ, मग ती लांबलचक शेपूट, आणि एका झेपेत पलीकडचं झाड! तेव्हापासून मी चालतो कमी, बसतो जास्त.

लेकीला आधी घरटी शोधायला सांगा. उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात. एकच शेकरू अशी अनेक बांधतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे तो आत असेलच असं नाही. आणि दिसलाच तर हाका मारू नका, तो फांदीला चिकटून थिजतो. बिस्किटं तर अजिबात टाकू नका.

खेडची_मावशी: सोमवार आणि त्रिपुरी पौर्णिमा टाळा गं, देवळाकडे गर्दी उसळते. पाऊस सरला की गवतात गोचीड असतात. पूर्ण बाह्या, पायमोजे घाला आणि रात्री लेकीच्या कानामागे, काखेत बघ. अत्तर लावू नका, धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर म्हाताऱ्या माणसाला पळता येत नाही.

सायली_पुणे: जाऊन आलो! सातला भोरगिरी सोडलं. लेकीने नऊ घरटी मोजली, सगळी रिकामी वाटली. गुप्त भीमाशंकरच्या अलीकडे बाबा दम खायला बसले आणि त्यांनी नुसतं बोट वर केलं. सात-आठ मिनिटं तो आमच्या डोक्यावर काहीतरी कुरतडत होता, साल लेकीच्या टोपीवर पडली. ती साल तिने वहीत चिकटवलीय. रानवाटदादा, मावशी, मनापासून आभार. बाबा आता फेब्रुवारीत पुन्हा चला म्हणतायत.