मुलगी एमटीबी (माउंटन बाईक) नॅशनलला चाललीये, महिना उरलाय, नवी सायकल घ्यावी का?

कोथरूडची_आई:
नमस्कार. माझी लेक १७ वर्षांची, बारावीला आहे, तिचं राज्याच्या टीममधे सिलेक्शन झालंय, ज्युनिअर मुलींच्या क्रॉसकंट्रीला, एक्ससीओ म्हणतात ते, कच्च्या ट्रॅकवर फेऱ्या मारायची शर्यत. नॅशनलला चार आठवडे राहिलेत, पुण्याबाहेर आहे, ट्रेननी जायचंय. आम्हाला दोघांनाही यातलं फारसं कळत नाही म्हणून इथे विचारतेय.

तिची सायकल साधी अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (मागे शॉक नसलेली), २९ इंची चाकं, तीन वर्षं जुनी, घरी काट्यावर साडेतेरा किलो भरली. सिलेक्शनला बऱ्याच मुलींकडे कार्बनच्या होत्या आणि तिथून आल्यापासून ही गप्पगप्पच आहे. मागत नाही हो काही, पण रात्री मोबाईलवर त्याच सायकली बघत बसते. एका दुकानात विचारलं तर अडीच लाख म्हणाले, वर या सायकलवर नॅशनल म्हणजे वेळ वाया असं तिच्यासमोरच बोलले, ते मला फार लागलं. हे म्हणतात कर्ज काढू. काढावं का?

अजून एक. रोज पहाटे वेताळ टेकडीवर जाते, चढाला कोणाला ऐकत नाही, पण उताराला खाणीच्या बाजूला गुडघ्याएवढी दगडाची पायरी आहे तिथे मागच्या महिन्यात पडली, कोपर सोलवटून निघालं. तेव्हापासून तिथे आली की उतरते आणि सायकल हातात धरून जाते.

टेकडी_२९:
ताई, आधी पोरीचं मनापासून अभिनंदन! आणि कर्ज अजिबात काढू नका, निदान या महिन्यात तरी नाही. चार आठवड्यांवर रेस असताना नवीन फ्रेम म्हणजे बसायची पोझिशन बदलणार, ब्रेकचा अंदाज बदलणार, त्याची सवय होईपर्यंत रेस होऊन जाते. तुम्ही सांगताय त्यावरून तिचा वेळ चढावर जात नाहीये, उतारावर जातोय, आणि दर लॅपला तीच पायरी आली नि दर लॅपला ती उतरली तर तिथे जाणारा वेळ दोन किलो हलकी सायकल भरून देणार नाही.

टायर कोणते आहेत, ट्यूब आहे का, हवा किती भरता?

कोथरूडची_आई:
ट्यूब आहे. हवा ४० पीएसआय भरते, कमी केली की पंक्चर होतं म्हणते, टेकडीवर बाभळीचे काटे फार आहेत. वजन ४८ किलो.

टेकडी_२९:
४८ किलोला ४० म्हणजे टायर दगडासारखा कडक, मुरमावर उड्याच मारणार, ती पडली त्यात याचाही हात असेल बघा. रिम ट्यूबलेस चालणारी आहे का ते बघून घ्या, असेल तर ट्यूबलेस करा, सीलंट घाला, आणि मागे २०, पुढे १८ पासून सुरू करून तिलाच एकेक पीएसआय वरखाली करून बघू दे. काटा घुसला तरी सीलंटनी भोक बुजतं. फक्त आपल्याकडच्या उन्हात दोनतीन महिन्यांत ते वाळतं, त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी परत घाला. अडीच लाखाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

मुरूम_माती:
पायरीबद्दल सांगतो, मी स्वतः तिथेच पडून शिकलोय. भीती वाटली की माणूस चाकाजवळ बघतो आणि नेमकं शेवटच्या क्षणी पुढचा ब्रेक दाबतो, मग पुढचं चाक खाली अडकतं नि आपण हँडलवरून पुढे. ब्रेक पायरीच्या आधी, पायरीवर सोडून द्यायचा. पेडल दोन्ही एका पातळीत, ढुंगण सीटवरून उचललेलं, कोपरं बाहेर, नजर पायरीच्या पुढे चारपाच मीटर. सीट खाली असली तर फार फरक पडतो, ड्रॉपर (चालवताना बटणानी सीट खालीवर करणारी नळी) नसेल तर सरावाला सीट हातानी खाली करून घ्या. एकदम त्याच पायरीवर नको, आधी फुटपाथच्या कडेवरून, मग वीतभर दगडावरून, मग ती. आणि पहाटे तिथे चालायला येणारी म्हातारी माणसं असतात, वर एक जण उभा राहून खाली कोणी नाही बघून सांगेल तरच सोडायची.

फीडझोनवाले_काका:
माझा मुलगा दोनदा नॅशनल खेळला, दोन्ही वेळेला बाटली द्यायला मी उभा होतो, त्यामुळे आईबापाच्या कामाचं सांगतो. ज्युनिअरची रेस साधारण तास सव्वातास चालते. मदत फक्त फीड आणि टेक्निकल झोनमधे, म्हणजे बाटली द्यायच्या नि दुरुस्तीच्या ठरलेल्या जागेत करता येते, बाकी ट्रॅकवर तुम्ही साधा हातही लावायचा नाही, पंक्चर झालं तर एकतर स्वतः काढायचं नाहीतर तसंच झोनपर्यंत यायचं. चाक बदलता येतं, फ्रेम नाही. २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमधे ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, तो तसाच झोनपर्यंत आला, चाक बदललं, बराच मागे पडला आणि शेवटच्या लॅपला फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला गाठून गोल्ड नेलं. हे तिला नक्की सांगा, पंक्चर म्हणजे रेस संपली नाही.

८० टक्क्यांचा नियमही आधीच सांगून ठेवा. पहिल्या नंबरवालीचा पहिला लॅप १५ मिनिटांचा असेल तर १२ मिनिटांच्या वर मागे पडलेल्यांना बाहेर काढतात. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी काढलं, त्याला हे माहीतच नव्हतं, आपण काहीतरी चुकलो म्हणून तो तिथेच रडायला लागला. नाव निकालात येतं, किती लॅप कमी ते लिहून.

बाटली चालत्या सायकलवर घ्यायचा सराव आत्तापासून करा. तुम्ही थोड्या चढावर उभ्या रहा, हात लांब, बाटली वरून दोन बोटांत धरलेली, म्हणजे तिला मधे पकडता येते. लिंबू मीठ साखरेचं पाणी पुरतं, तिथे जाऊन नवीन जेल वगैरे काही देऊ नका.

गियर_केबल:
सायकल नको हे मान्य, पण ब्रेक हायड्रॉलिक नसतील तर तेवढे मात्र बदला काका लोकहो, वायरच्या डिस्क ब्रेकनी तासभर उतार करून बोटं आखडतात, मग शेवटच्या लॅपला घाबरणारच पोरगी. चेन, केबल, पॅडही आत्ताच बदला, आदल्या दिवशी नाही. आणि पोचल्यावर ट्रॅक आधी पायी चाला, दोघी मिळून चाला.

कोथरूडची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. ब्रेक हायड्रॉलिकच आहेत, रिम ट्यूबलेसची निघाली, काल करून आणलं. आज पहाटे पुढे १८नी गेली आणि येऊन पहिलं वाक्य, आई सायकल घसरतच नाहीये. पायरी अजून नाही केली, अलीकडच्या वीतभर दगडावरून मात्र सात वेळा गेली, मी खाली उभी राहून मोजलं. मुरूम_माती दादा, रविवारी सहाला तुम्ही टेकडीवर असाल तर खाणीपाशी थोडं थांबाल का? वर उभं राहायला मी आहेच, पण ब्रेक कुठे सोडला ते मला कळत नाही. तिचं हेल्मेट लाल आहे.

मुरूम_माती:
येतो ताई. पावणेसहालाच येतो, चालणारे यायच्या आत दोनचार होतील.