सिरपूर तलावाची किंमत रुपयांत लावायची का?

राजवाडा_कट्टा:
इंदूरला २०२५ मध्ये रामसरची, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराची, वेटलँड सिटी म्हणून मान्यता मिळाली, इथले सिरपूर आणि यशवंत सागर तलाव तर २०२२ पासून रामसरच्या यादीत आहेतच, आनंद आहे. पण उद्या तलावाशेजारी कॉलनी काढायची म्हटली की बिल्डर येणार कोटींचे आकडे घेऊन, आणि आपण काय सांगणार, "छान वाटतं हो तिथे". मीटिंगमध्ये छान वाटण्याला कोण विचारतं? २००५ च्या मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट या संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासाने निसर्गाच्या सांस्कृतिक सेवांचा वेगळा गटच केलाय, देवधर्म, फिरणं, शिकणं, त्या जागेशी जडलेलं नातं, सगळं त्यात. माझं म्हणणं, यालाही रुपयांत किंमत लावा. नाही लावली तर शून्य धरतात.

नर्मदे_हर:
अजिबात पटलं नाही भाऊ. ओडिशातला नियमगिरी आठवा, डोंगरिया कोंधांचा देव नियमराजा त्या डोंगरावर, आणि तिथे बॉक्साइटची खाण येणार होती. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांवर सोपवलं आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. रेट काढायला कुणी बसलं नव्हतं. एकदा आकडा तोंडातून गेला की समोरचा म्हणणार, बरं, हे घ्या दुप्पट, उठा आता.

राजवाडा_कट्टा:
तिथे वनाधिकार कायदा पाठीशी होता. सिरपूरच्या पाळीवर फिरणाऱ्या रिटायर्ड काकांची ग्रामसभा कुठे भरते ते सांगा ना.

हिशेबी_काकू:
जन्मभर ऑडिट केलंय, मला आकड्यांचं वावडं नाही, पण आकडा काढतात कसा ते तरी बघा. एक पद्धत आहे प्रवासखर्चाची, हॉटेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्कवाल्यांना पत्रातून सुचवलेली. जागेवर जायला लोक किती खर्च करतात त्यावरून तिची किंमत. आता लावा सिरपूरला. विजयनगरहून वर्षातून एकदा कारने येऊन पक्ष्यांपेक्षा स्वतःचेच फोटो जास्त काढणारा, त्याचं पेट्रोल धरलं जाणार, आणि चंदननगरातून रोज पायी येणारी बाई, जिला कुठला बगळा कुठल्या बाभळीवर बसतो ते पाठ आहे, तिचा खर्च शून्य. वेळेची किंमत धरतात, नाही असं नाही, पण ती बहुतेकदा पगाराच्या हिशेबाने, म्हणजे पेन्शनर आणि घरकाम करणारी परत स्वस्तात.

मालवा_मेल:
मग लोकांनाच विचारा की जागा वाचवायला किती द्याल. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्देझचं तेल सांडलं तेव्हा असाच सर्व्हे झाला, जे जन्मात तिकडे जाणार नाहीत त्यांचंही मोल धरून आकडा आला २.८ अब्ज डॉलर. भांडणं खूप झाली, पण १९९३ मध्ये अ‍ॅरो आणि सोलो, दोघंही नोबेलवाले, त्यांच्या समितीने नीट केलं तर चालेल म्हटलं.

नर्मदे_हर:
"किती द्याल" का म्हणून? तलाव आपला आहे ना, मग "किती घेऊन सोडाल" विचारा, बघा आकडा कुठे जातो ते, काही जण तर उत्तरच देणार नाहीत. आणि सरकारी दर बघायचाय? वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की एनपीव्ही, म्हणजे गेलेल्या जंगलाचं धरलेलं मोल, भरावा लागतो, २००८ च्या कोर्टाच्या आदेशात तो हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख होता. भागाकार करा, चौरस फुटाला ४ ते १० रुपये. पोह्यांची प्लेट महाग पडते, जलेबी सोडून द्या.

राजवाडा_कट्टा:
नंतर वाढवले ना दर! आकडा होता म्हणून वाढला. शून्यावर भांडायचं कसं?

हिशेबी_काकू:
रुपये राहू द्या बाजूला, आधी माणसं मोजा. कोण येतं, किती वेळा, कशासाठी, बंद झालं तर जाणार कुठे. पहाटे ६ ते ८ वही घेऊन गेटवर बसायला कोण तयार आहे?

नर्मदे_हर:
मी बसतो. वहीत रुपयांचा कॉलम नसेल तर.

राजवाडा_कट्टा:
बसा बसा, कॉलम मी घरी आल्यावर आखतो 😀

हिशेबी_काकू:
वही माझ्याकडे राहील.