मदत हवी आहे: लेकीला पेट्रिफाइड फॉरेस्ट दाखवायचंय, नीट कसं समजवू?

नमस्कार मंडळी, आम्ही फिनिक्सला असतो, पुढच्या महिन्यात लेकीला (वय ६) आणि भाच्याला (९) घेऊन ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टला (दगड झालेल्या झाडांचं राष्ट्रीय उद्यान) जायचंय, तर जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा. भाचा पुण्याचा, त्याने सह्याद्रीचा काळा कातळच पाहिलाय, त्यामुळे तिथल्या पेंटेड डेझर्टचे, म्हणजे रंगीत वाळवंटाचे, लाल-जांभळे पट्टे बघून तो उडेलच. लेकीचा प्रश्न मात्र अवघड आहे, झाडाचा दगड कसा झाला? मी सांगितलं की २० कोटी वर्षांपेक्षा जुनी झाडं गाळात गाडली गेली आणि पाण्यातली सिलिका (वाळूत असतं ते खनिज) हळूहळू लाकडात भरत गेली, लाल-पिवळा रंग लोखंडाचा, तर म्हणे मग मी पण चिखलात झोपले तर दगड होईन का 😅 याहून सोपं काही, घरी करण्यासारखा एखादा प्रयोग आहे का?

दुसरं म्हणजे ब्लू मेसाचा ट्रेल सुमारे दीड किलोमीटरचा आहे पण उतार-चढ आहे म्हणतात, सहा वर्षांच्या मुलीला झेपेल की म्युझियममागचा जायंट लॉग्ज ट्रेलच बरा? आणि तिथला खडा उचलायला बंदी आहे, हिचे खिसे कायम खड्यांनी भरलेले, रडारड न होता कसं जमवलंत?