काढलेली दाढ आणि राहिलेली जागा: तुमचं काय ठरलं?

रातकिडा
परवा कपाट आवरताना जुन्या फायलींत माझा ओपीजी सापडला. तो लांबट एक्स-रे, ज्यात सगळे दात एका ओळीत दिसतात. लेकाने तो खिडकीच्या काचेवर धरला आणि विचारलं, "बाबा, ही कवटी कोणाची?" म्हटलं, माझीच. मग त्याने बोट ठेवलं ते नेमकं खाली डावीकडे, जिथे तेव्हा अजून सहावी दाढ होती, मधून मोजत सहावा दात.

पाच वर्षं झाली. रूट कॅनाल झालेली, कॅप बसवलेली दाढ. एक दिवस चावताना कट् झालं आणि मुळापर्यंत उभी चीर गेली. तशी चीर गेली की वाचवायला काही उरत नाही, काढावीच लागली. खुर्चीतून उठताना डॉक्टर म्हणाल्या, "तीन महिन्यांनी या, इम्प्लांटचं बघू." मी मान हलवली. तोंडात कापसाचा बोळा, दुसरं करणार काय! तीन महिन्यांनी जखम भरलेली, दुखत काही नव्हतं, मग जायचं कशाला? आधी कामाची गर्दी, मग बाबांचं आजारपण, मग नुसता आळस. खरं म्हणजे भीती. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर खोटा दात, आणि आपल्या जबड्यात कुणीतरी स्क्रू पिळतंय ही कल्पनाच सहन होईना.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच दातासाठी गेलो तर कळलं, वरची दाढ खाली उतरलीय. समोर टेकायला कुणी नाही म्हटल्यावर ती हळूहळू येते म्हणे. मागचीही पुढे कललीय. म्हणजे मी पाच वर्षं काहीच ठरवलं नाही, तेवढ्यात दातांनी आपापसात ठरवून टाकलं.

केलं असेल, नसेल केलं, फसलं असेल, सगळ्यांनी लिहा. कसं ठरवलंत ते जास्त लिहा. माहितीपत्रकं माझी पाठ झालीत.

निशिगंध
दाढ नंबर ४६, म्हणजे खालची उजवीकडची सहावी. केलं. दोन वर्षं झाली.
बसवताना दुखलं नाही, शप्पथ. दाढ काढणं त्याहून वाईट होतं. फक्त ड्रिलची घरघर डोक्यात घुमते आणि तोंडात पाणीच पाणी. शेवटी पाना फिरवत "पस्तीसला घट्ट बसला, मस्त" म्हणाल्या, मला वाटलं गाडीचं चाक बसवतायत. मग वरून हिरडी शिवली आणि तीन महिने काहीच नाही. तेवढ्या वेळात हाड स्क्रूला धरतं. मग हिरडी उघडून छोटी टोपी, मग माप, मग दात. एकूण पाच महिने गेले.
ठरवलं कसं, तर शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला मधला खोटा दात, त्यासाठी ते घासून खुंट करायला जीव होईना. बास.
मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते

भोपळा
इम्प्लांटला मराठी शब्द सुचला. दातखिळी.

ढगफुटी
भोपळा 😂 ती अंदाजपत्रक बघूनच बसते

तिरका_डोळा
नाही केलं, करणारही नाही. माझी वरची १७, म्हणजे अक्कलदाढेच्या आधीची. डॉक्टरांनीच सांगितलं की राहू दे. हसताना दिसत नाही, मागे काही नाही, आणि खालची दाढ पुढच्या बाजूने वरच्या सहावीला टेकलीय, त्यामुळे ती सहसा वर सरकणार नाही. नऊ वर्षं झाली, तिथेच आहे. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जागा भरल्याच पाहिजेत असं काही नसतं. नेदरलँड्सचे दंतवैद्य कायझर यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं, की मागच्या काही दाढा नसल्या तरी पुरेशा जोड्या टेकत असतील तर माणसाचं चावण्याचं काम भागतं. रातकिडा, तुमची सहावी आहे, तिचं वेगळं. ती कामाची दाढ.
पण जीभ! पहिले सहा महिने जीभ तिथेच.

उंटावरचा
जीभ!!! मी मीटिंगमध्ये जिभेने खड्डा चाचपत असतो. साहेबांना वाटतं मी त्यांना वेडावतोय.

निशिगंध
माझी जीभ आता दात असूनही जाते तिथे. खात्री करून घेते बहुतेक.

सांजवात
आमचं आईचं. वय ७२. तीन दाढा एकाच बाजूच्या.
पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू आहे का? आम्ही नाही म्हणालो. दातांच्या दवाखान्यात हाडांच्या इंजेक्शनचा काय संबंध, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. घरी आल्यावर आठवलं, ते वर्षातून एकदा घेतात ते. परत फोन केला. मग कळलं की त्या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. आधी सांगितलेलं बरं. ज्यांच्या घरी कुणाला असं इंजेक्शन असेल त्यांनी दाढ काढायच्या आधीच सांगा.
दोघा डॉक्टरांचं आपापसात बोलणं झालं. अगदीच नाही असं नाही म्हणाले, धोका कमी आहे, विचार करा. आईने विचार केला पाच मिनिटं. "मला आता जबड्यात खोदकाम नको." काढ-घाल करायची अर्धी कवळी घेतली, तारांच्या आकड्यांची. ती कागदी रुमालात गुंडाळून ठेवते आणि रुमाल कचऱ्यात जातो. आतापर्यंत दोनदा कचराकुंडी उपसली.

उंटावरचा
आमच्या आजोबांची कवळी शिंकेसरशी बाहेर यायची. ते हवेत झेलायचे. एका हाताने. आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो.

वाटसरू
माझं फसलं म्हणून लिहितो.
सहा आठवड्यांनी आंघोळीनंतर सहज बोट लावलं तर हललं. दुखत नव्हतं हेच विचित्र. दवाखान्यात त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढलं, हाडाने धरलंच नव्हतं. काढलेला स्क्रू हातात दिला माझ्या. एवढासा. शंभरातली पंचाण्णव टिकतात असं ऐकून गेलो होतो, उरलेल्या पाचांत आपण असू असं कुणाला वाटतं?
सिगारेट ओढतो का हे त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. मी "कधीतरी" म्हणालो होतो. दिवसाला दहाला कधीतरी म्हणत नाहीत. डॉक्टर एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. चार महिने हाड भरू दिलं, सिगारेट सोडली, दुसऱ्यांदा बसवलं. ते धरलंय, तीन वर्षं झाली. बायको म्हणते माझ्या दाताच्या कण्या झाल्या सांगून सांगून, शेवटी दातानेच ऐकायला लावलं.

ढगफुटी
वाटसरू, तुम्ही खरं लिहिलंत 🙏 आमच्याकडे पण एक "कधीतरी" आहे, त्याला वाचायला देते

माझा ब्रिज. चौदा वर्षं चालला. माझ्या दोन्ही बाजूच्या दाढांना आधीपासून कॅप होत्याच, म्हणजे निशिगंध म्हणते तशी चांगले दात घासायची हळहळ नव्हती. पंधरा दिवसांत काम झालं, ना टाके ना वाट बघणं. आता मागच्या खांबाखाली कीड लागलीय आणि तो दात जाणार. म्हणजे एकाच्या जागी दोन गेले. तरी पश्चात्ताप नाही. तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं, पाच महिने दवाखान्याच्या फेऱ्या मारणं शक्यच नव्हतं. त्या वयात त्या परिस्थितीत तेच बरोबर होतं.

अर्धवट
वरची डावी सहावी काढून दोन वर्षं झाली होती माझी. स्कॅनमध्ये कळलं हाड शिल्लक नाही. वर सायनसची पोकळी असते ना, ती खाली उतरते आणि हाड पातळ होतं. मग सायनस वर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. माझं छोट्या हातोडीने केलं. ठक. ठक. ठक. दुखत नाही पण प्रत्येक ठक डोळ्यामागे. मी मनात मोजत होतो, एकतीसला थांबले.
नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. आणि मला तेव्हाच सर्दी!

भोपळा
एकतीस?? मी रद्द केलं. अजून भेटीची वेळही घेतली नव्हती, तरी रद्द.

पोथीनिष्ठ
यामागची गोष्ट सांगतो. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क म्हणून डॉक्टर होते. १९५२ च्या सुमारास ते सशांच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते, त्यासाठी टायटॅनियमची छोटी नळकांडी हाडात बसवली होती. महागातली असल्याने परत वापरायला काढायला गेले, तर निघेनात. हाड धातूला चिकटून बसलेलं. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिल्यांदा बसवले. तो २००६ मध्ये गेला तोवर ते त्याच्या तोंडात होते. चाळीस वर्षं!

उंटावरचा
सशाचं काय झालं?

पोथीनिष्ठ
हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

सांजवात
एमआरआय करता येतो का इम्प्लांट असेल तर? आईचा नाही, माझाच विचार चाललाय

अर्धवट
माझा झालाय, मानेचा. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. जबड्याजवळचं चित्र थोडं धूसर येतं एवढंच. आधी सांगून ठेवायचं.

दंतकथा
मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूची. बराच वेळ गप्प वाचत होते.
रातकिडा, वरची दाढ किती मिलिमीटर उतरलीय त्यावर सगळं आहे. थोडीशी असेल तर घासून भागतं. जास्त असेल तर रूट कॅनाल आणि कॅप, नाहीतर तारा लावून तिला वर ढकलता येतं. आणि दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. तुमचं जे जायचं ते हाड जाऊन झालंय, त्यामुळे आता महिनाभर विचार केलात तर आकाश कोसळणार नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करा, मग बोला. ओपीजीवर उंची कळते, रुंदी कळत नाही.
मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आधी आटोक्यात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी तो उपचार. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून हाड झिजतं, आणि लवकर कळतही नाही.
आणखी एक. स्क्रूची कंपनी आणि माप लिहिलेला स्टिकर मागून घ्या, जपून ठेवा. दहा वर्षांनी गाव बदललं आणि वरचा दात सैल झाला तर नव्या डॉक्टरला कुठला पाना लावायचा हेच कळत नाही. आम्ही एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो.
कुणी पहिल्याच भेटीत "आजच ठरवा" म्हणालं तर सरळ घरी या.

निशिगंध
बाई गं, माझ्याकडे स्टिकर नाही. उद्याच फोन करते.
आणि उरलेलं लिहायचं होतं ते हे: पहिले काही आठवडे तो दात दुसऱ्याचा वाटतो. आपला दात चावताना किंचित दबतो, हा दबतच नाही. आणि पुढच्या दाताशी फट पडलीय, खाल्लेलं अडकतं. रोज त्या बारक्या ब्रशने कोरत बसते. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

झुळूक
मुलगा सोळाचा, खेळताना समोरचा दात मुळासकट गेला. मला वाटलं, लगेच बसवून टाकू. तर म्हणाले जबडा वाढतोय अजून, इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे राहतो, बाकीचे दात खाली सरकतात आणि तो एकटा आखूड दिसायला लागतो. तोवर मागून चिकटवलेला पंखाचा ब्रिज. तो शाळेच्या भाषण स्पर्धेच्या आदल्या रात्री निघाला. पोरगं तसंच बोललं, "स"चा "श" करत. दुसरा नंबर.

भोपळा
पहिला कोणाचा? त्याचे दोन पडले होते?

झुळूक
🤣🤣 विचारून सांगते

वाटसरू
झुळूक, तू म्हणजे ती पावसाच्या कविता लिहायचीस तीच का? किती वर्षांनी!

झुळूक
तीच रे. कविता बंद, आता नुसत्या दवाखान्याच्या फायली. तू कसा आहेस?

रातकिडा
सगळ्यांचे आभार, दोन रात्री वाचतोय. स्कॅनची वेळ घेतलीय, गुरुवारी. इम्प्लांट करेनच असं नाही. वरची दोन मिलिमीटर उतरली असेल तर करेन, जास्त असेल तर तिरका_डोळा यांच्या पक्षात. वाटसरू, मी पण "कधीतरी"वालाच आहे. या वेळी आकडा सांगणार.
लेकाने ओपीजी त्याच्या खोलीच्या खिडकीला चिकटवलाय. मित्रांना दाखवतो, प्रवेश फुकट.

सांजवात
ते पाण्याच्या फवाऱ्याने दात साफ करायचं यंत्र फार आवाज करतं का? आमच्याकडे बाळ हलकं झोपतं

निशिगंध
करतं. बाथरूमचं दार लावून घे आणि आधी तोंडात धर, मग चालू कर. मी पहिल्या दिवशी आरसा धुतला.