आधी छत बघा, मग इंजिन

जुनी बीएमडब्ल्यू झेड४ घ्यावी की मर्सिडीज एसएलके, असं विचारलंत. दोन्ही छत उघडणाऱ्या, दोन सीटच्या गाड्या, म्हणजे रोडस्टर. मुंबईत चालवणार असाल तर आधी छत तपासा. २००९ पूर्वीच्या झेड४ रोडस्टरचं छत कापडी, आणि ते उघडणारी मोटर पाणी निचरायच्या खळग्यातच बसवलेली. निचऱ्याची नळी पानांनी तुंबली की मोटर पाण्यात! एसएलकेचं छत पत्र्याचं, घडी होऊन डिकीत जातं. आपल्या पावसाला मला तेच पटतं. फक्त सामानाला जागा उरत नाही. माझ्या मित्राची कापडी छताची गाडी जुलैभर पार्ल्यात झाडाखाली उभी होती. सीटखालचा गालिचा पिळला तर तांब्याभर पाणी निघालं. बघायला जाताना पाण्याची बाटली न्या, छताच्या कडेला ओता, गाडीखाली लगेच टपकतंय का पाहा; टपकलं तर निचरा मोकळा आहे. छत चार-पाचदा उघडझाप करा. आणि पहाटे मरीन ड्राइव्हला एक चक्कर नक्की मारा, फार सुख आहे त्यात.