डिजिटल क्युरेशन शिकवताय? मग आधी हार्ड डिस्क जोडायला शिकवा

कागदकिडा (धागाकर्ता)
दोन दिवसांचं डिजिटल क्युरेशनचं, म्हणजे डिजिटल फाइली निवडून दीर्घकाळ जपण्याचं, प्रशिक्षण करून आलो. ओएआयएस या डिजिटल जतनाच्या प्रमाण मॉडेलची आकृती चार वक्त्यांनी चार वेळा दाखवली. एसआयपी (जमा केलेल्या फाइलींचं पाकीट) आत येतं, एआयपी (जपायचं पाकीट) कोठारात राहतं, डीआयपी (वापरासाठीचं पाकीट) वाचकाला मिळतं. पाठ झालं. सोमवारी कामावर गेलो तर टेबलावर एका दात्याकडून आलेली जुनी हार्ड डिस्क. ती जोडायची कशी, हे दोन दिवसांत कुणीच बोललं नव्हतं. सरळ जोडली की संगणक तिच्यावर स्वतःचं काहीतरी लिहून ठेवतो, फाइलींच्या तारखाही बदलू शकतात. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावायचा असतो, हे मला नंतर वाचून कळलं.

म्हणून माझं मत: मॉडेल नंतर, आधी हात चालू द्या. चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढणं, ड्रॉइड या सॉफ्टवेअरने फाइलीचा फॉरमॅट ओळखणं, बॅगइट या ठरावीक पद्धतीच्या गठ्ठ्यात फाइली बांधणं हे शिकवा. तेही आपापल्या संस्थेतल्या 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा फाइलींवर, आयत्या नमुन्यांवर नको.

शून्यएक
असहमत. हे आयटीचं काम आहे. आम्ही रोज बॅकअप घेतो. ग्रंथपालांनी सूची करावी, हॅशच्या, म्हणजे तुमच्या त्या चेकसमच्या, भानगडीत कशाला पडायचं?

कागदकिडा
बॅकअप म्हणजे जतन नव्हे हो. मूळ फाइल गुपचूप बिघडली तर बॅकअपवाला बिघडलेलीच प्रत इमानेइतबारे जपतो. आधी काढलेला चेकसम पुन्हा जुळवून पाहिला, तरच चोरी पकडली जाते. आणि एकाच समारंभाच्या हजार फोटोंतले कोणते ठेवायचे, कुणाच्या ईमेलमधलं खासगी काय झाकायचं, हे तुम्ही ठरवणार का?

दफ्तरदार
दोघांचंही पटलं नाही. आज शिकवलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेल याची खात्री काय? बीबीसीचा डोम्सडे प्रकल्प आठवा. 1086 च्या डोम्सडे बुकला, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीला, 900 वर्षं झाली म्हणून 1986 मध्ये लोकजीवनाची केवढी तरी माहिती लेझर डिस्कवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली. 1086 चं हस्तलिखित मात्र अजून वाचता येतं. तिथे बटणं दाबता येणारी माणसं कमी नव्हती. 'हे पुढे कोण वाचणार आणि कशावर?' हा प्रश्न वेळेत विचारला गेला नाही. तुम्ही ज्या आकृतीला कंटाळलात, तिच्यात हाच प्रश्न आहे. ब्रिटनच्या डिजिटल क्युरेशन सेंटरच्या 2008 च्या जीवनचक्र मॉडेलमध्येही मूल्यमापन आणि निकालात काढणं आहेच. काय ठेवायचं, कुठून आलं, कुणाच्या हातून आलं, हे अभिलेखपाल पूर्वीपासून करत आलेत. त्यांना नव्याने कारकून करू नका.

शून्यएक
डोम्सडे पुन्हा चालू कुणी केलं तेही सांगा की. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने जुन्या संगणकाचा एम्युलेटर (नव्या संगणकावर जुन्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बनवून दाखवला. आकृतीने नाही.

दफ्तरदार
मान्य. पण मुळात तो खटाटोप करावा लागला, ही कुणाची चूक?

तळटीप
मी एकटीच्या जिवावर चालणारं ग्रंथालय सांभाळते, त्यामुळे ही तात्त्विक मारामारी जरा लांबूनच पाहतेय. मी शिकले, अगदी हातांनी शिकले. पण कार्यालयातल्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी मिळेना. सहा महिन्यांनी मिळाली, तोवर मी सगळं विसरले होते. म्हणून माझी मागणी वेगळीच: प्रशिक्षणाला एक अभिलेखवाला आणि त्याच संस्थेचा एक आयटीवाला अशी जोडीच बोलवा. परवानगी ज्याच्या हातात आहे तो वर्गात बसलेला हवा.

शून्यएक
हे पटतंय. आमच्याकडे अशा मागण्या येतात तेव्हा त्या का हव्यात हे कुणी लिहीतच नाही. आम्ही नाकारतो.

कागदकिडा
जोडीची कल्पना चांगली आहे. दफ्तरदार, तुमचंही अर्धं मानतो: 'का' कळल्याशिवाय चेकसम हा नुसता लांबलचक आकडा. तरी पहिल्या दिवशी सकाळी आकृती नको. आधी एखादी फाइल मुद्दाम एका अक्षराने बिघडवून दाखवा, दोन्ही हॅश शेजारी ठेवा, मग हवं ते मॉडेल काढा.

तळटीप
ते असो. त्या हार्ड डिस्कचं काय झालं? जोडलीत?

कागदकिडा
नाही. कपाटात आहे. राइट ब्लॉकरचा अर्ज खरेदी विभागाकडून परत आलाय, शेरा: 'प्रयोजन स्पष्ट करावे'.